सुटीच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सालातून एकदा कॉलेजच्या पोराईची बस येत जाय. इंजिनिअरिंगचे पोरं-पोरी. त्याईचे सर सांगत, पुस्तकात पाहून मशीन समजत नाई, चालती पाहा लागते, तिच्यावर काम करणाऱ्या माणसाशी बोला लागते. म्हणून आणत. चांगलीच गोष्ट आहे. मी तिले नावं ठेवत नाई.

अल्लीपूरच्या पुढं सडकेच्या बाजूनं ते जिन. मी तिथं रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढाची मशीन. दोन्ही बाजूनं रेच्याईची रांग, मधात ओटा. त्या ओट्यावर आम्ही बाया उभ्या राहून हातानं रेच्याच्या तोंडात कापूस सोडो. इकडून रुई निंघे, खाली सरकी पडे. दिवाळी झाली का सुरू, उन्हाळा लागेपर्यंत तेच. धूळ इतकी उडे का समोरच्या बाईचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या. आम्ही म्हणो, जिनात आली का नवी नवरीबी आजी होते.

माही सून लग्न होऊन आली अन् दुसऱ्याच साली माह्या बाजूच्या रेच्यावर लागली. मीच लावून देली. माहा पोरगा बुटीबोरीले कामाले, आठ दिवसातून एकदा ये. घरी मी, सून अन् तिची लहान पोरगी. सून कामाले चांगली होती. बोलणं कमी, हात चालू.

आमाले बाजाराच्या दिवशी सुटी राहे. सुटीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो का हिची छाती भरे. म्हणे, आई, कोणी दोरीनं आवळल्यावाणी होऊन राह्यलं. दिवसभर खोकला, संध्याकाळी श्वास लागे. मग रोज थोडं थोडं कमी होये अन् बाजाराच्या दिवसापर्यंत चांगली राहे. सुटी झाली का पुन्हा तेच. आता तुम्हीच सांगा, मले काय वाटन? मले वाटे, एक दिवस घरी बसली का हिच्या अंगात आळस शिरते. मी चार बायाईसमोर म्हणो, "महाराणीले आज सुटीची आठवण येऊन राह्यली." बाया हासत. तीबी हासे. हासता हासता खोके.

जिनात आमाले रोज गुळाचा खडा भेटे. ही जुनी रीत होती. धुळीत काम करणाऱ्यानं गूळ खाल्ला का गळ्यातली धूळ उतरून जाते, असं माह्या सासूनं मले सांगतलं होतं, मी सुनेले सांगतलं. मी माह्या वाट्याचा खडाबी तिले देत जावो. मले वाटे, मी इलाज करून राह्यली.

एका साली बस येणार होती त्याच्या आदल्या दिवशी मुकादमानं सगळा ओटा झाडून घेतला. अंगणात पाणी मारलं. सकाळी आमाले तोंडाले बांधाच्या पट्ट्या देल्ल्या. नव्या कोऱ्या. संध्याकाळी वापस घ्याच्या होत्या. मुकादम आमच्याच गावचा, वाईट माणूस नोहे. तो म्हणे, पाहुणे येऊन राह्यले, त पाहुण्यासमोर घरातलं भांडं वाजवाचं नाई. कोणं काई इचारलं त बरं आहे म्हणा. एका बाईनं त्याले म्हटलं, "भाऊ, नवरा पोरगी पाहाले येऊन राह्यला का?" सगळ्या हासल्या.

पण गोष्ट मले पटली. आमच्यात तसंच आहे. पाहुणा दारात आला का घरात कोणी उपाशी असो, दुखणाईत असो, पाहुण्याले कळू देत नाई. माह्या मायनं मले तेच शिकवलं.

पोरं आले. पांढऱ्या टोप्या घालून, वह्या घेऊन. सर जोरजोरानं सांगत होते, पण रेच्याच्या आवाजात त्याईचं तोंडच तेवढं हाललेलं दिसे. पोराईनं फोटो काढले. रुई हातात घेऊन पाह्यली, गाठी बांधतात तिकडे गेले.

एक पोरगी मागं राह्यली. बारीकशी, चष्मेवाली. ती आमच्या ओट्यापाशी आली. तिनं मशिनीचं काईच इचारलं नाई. माह्या अन् सुनेच्या मधात तोंड आणून जोरानं म्हणे, "आजी, इथं कोणाची छाती भरते का? सुटीच्या दुसऱ्या दिवशी?"

माहा हात थांबला. रेच्यावर हात थांबत नसते.

मी आमच्या घरातली गोष्ट बाहेर कोणाले सांगतली नोहती. बायाईले आळसाचं माहीत होतं, छातीचं नाई. अन् ही कोण कुठली पोरगी, तिले दिवससुद्धा माहीत. मी सुनेकडे पाह्यलं. तिनं ऐकलं होतं. ती रेचा सोडून माह्याकडेच पाहून राह्यली होती, माह्या तोंडातून काय निंघते म्हणून. मुकादम चार पावलावर उभा होता.

मी म्हटलं, "नाई वं माय. इथं सगळं बरं आहे."

 पोरगी सुनेकडे वळली. सासूनं नाई म्हटल्यावर सून हो कशी म्हणन? तिनं नाई म्हणून मुंडी हालवली. पोरीनं वहीत काईतरी लिहिलं अन् गेली.

घरी येतानी सडकेनं आम्ही दोघी. सून म्हणे, "आई, तिले कसं माहीत होतं?" मी म्हटलं, त्याईले कागद भरा लागतात, म्हणून इचारत असन. थोडी पुढं गेल्यावर ती म्हणे, "मंग हे माह्या एकटीले होत नसन. दुसऱ्या कोणालेबी होत असन, तवाच त पुस्तकात आलं."  त्या दिवसापासून मी तिले आळशी म्हटलं नाई. पण रेच्यावरून उतर असंबी म्हटलं नाई. ते मी म्हणायले पाह्यजे होतं.

हंगाम सरला तरी यावेळी खोकला सरला नाई. पह्यले उन्हाळ्यात बरी होत जाये. त्या साली पाण्याची घागर उचलली का बसून जाये. पोरगा तिले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मीबी गेली. डॉक्टरनं छातीचा फोटो पाह्यला अन् इचारलं, काम काय करते? म्हटलं, रेच्यावर. किती सालापासून? तेबी सांगतलं. मंग ते म्हणे, "सुटीच्या दुसऱ्या दिवशी छाती भरे का?" इथं मुकादम नोहता, पाहुणा नोहता. मी हो म्हटलं. डॉक्टर म्हणे, तवाच काम सोडलं असतं त बरं झालं असतं. रागानं नाई म्हटलं. हळूच म्हटलं. 

थंडी लागली अन् ती गेली. शेवटी शेवटी तिले झोपता ये नाई, भिंतीले टेकून बसून राहे. मले तिनं कधी बोल लावला नाई. एकदा फक्त म्हणे, "आई, त्या पोरीनं दोनदा इचारलं असतं त मी सांगतलं असतं." बस, एवढंच.

नात सांभाळाची होती, म्हणून मी पुन्हा रेच्यावर गेली. सुनेच्या जागेवर दुसरी उभी होती.

त्या साली पुन्हा बस आली. तसंच झाडणं, तसंच पाणी मारणं. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. मुकादमासमोरच सांगाचं ठरवलं होतं. पोरं आले, फोटो काढले, रुई पाह्यली, गाठीईकडे गेले. त्या वेळी कोणं इचारलंच नाई. मी वाट पाहत राह्यली. सगळे बाहेर चहा-बिस्कुट खाले गेले.

मी ओट्यावरून उतरली. भर कामात कोणी उतरत नसते. अंगणात जाऊन सरापाशी उभी राह्यली. म्हटलं, साहेब, मागच्या साली एक चष्मेवाली पोरगी आलती. तिनं मले एक गोष्ट इचारली, मी नाई म्हटलं. तिच्या वहीत 'नाई' असं लिहिलं असन. ते खोडून टाका. तिथं हो लिहा.

सराले पह्यले समजलं नाई. मी सगळं सांगतलं. सुनेचं, छातीचं, दिवसाचं. पोराईच्या हातातले बिस्कुटं तसेच राह्यले. सर म्हणे, "आजी, ती पोरगी पास होऊन गेली. तिचा कागद जमा झाला." मंग म्हणे, "तिची आई रेच्यावरच होती. त्याच दुखण्यानं गेली."

म्हणजे ती पाहुणी नोहतीच. आमच्यातलीच होती. अन् मी तिच्यासमोर पाहुण्यावाणी दार लोटून घेतलं.

एका पोरानं वही उघडली अन् म्हणे, आजी, पह्यलेपासून सांगा. मी सांगत गेली, तो लिहित गेला. बसवाला हॉर्न मारत राह्यला तरी सरानं त्या पोराले हाक मारली नाई. तो कागद पुढं कुठं गेला, मले माहीत नाई.

दुसऱ्या दिवशी मुकादम घरी आला. दारातच उभा राह्यला. म्हणे, "बाई, आता तुमचं वय झालं, आराम करा." मी म्हटलं, बरं. त्याचाबी संसार आहे.

आता मी वावरात कामाले जातो, जमन तेवढं करतो. सुनेच्या जागेवर जी उभी राहते ती आमच्याच गल्लीतली, औंदा लग्न होऊन आली. परवा बाजाराच्या सुटीनंतरचा पह्यला दिवस होता. ती जिनातून घरी येत होती, त मी तिले वाटेत थांबवलं. म्हटलं, पोरी, आजच्या दिवशी छाती भरली, खोकला आला, त मले येऊन सांगजो. सासूले सांगू नको, मले सांगजो. मी तुले दवाखान्यात नेतो.

तिनं पदर तोंडाले लावला. मले वाटलं लाजली.

"मले काई होत नाई, आजी," ती म्हणे. अन् खोकत खोकत घरी गेली.