टाकी लोळवणारी सनोबर

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सनोबरला ओळखत नाही असा माणूस विरळाच. तिचे वडील हसन समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांसाठी टाक्या भरतात. हवेत जादा ऑक्सिजन भरला की टाकी वाळूवर आडवी लोळवायची, आतलं सगळं एकजीव झालं पाहिजे, हा हसनचा कायदा. बाकीच्या पोरी बाहुल्या खेळवायच्या त्या वयात ही बया टाक्या लोळवत होती.

त्याच सवयीवर पुढे शिकून ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत वायू भरायच्या कामाला लागली. तिथल्या किशोरी मॅडमचं यंत्र म्हणजे अजबच प्रकरण. वायूचा फवारा सोडायचा, त्यातून क्षणभर प्रचंड वीज खेळवायची. वायू चहूबाजूंनी आत दबून केसाएवढा होतो आणि असा काही तापतो की क्ष-किरण फेकतो. निऑनमध्ये थोडा आर्गॉन मिसळला तर किरण जास्त भेदक येतील, असं मॅडमचं म्हणणं. बाकीचे नाकं मुरडायचे. या खेपेला तसे किरण दिसले नाहीत, तर यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार होतं.

ईदला गावी निघताना सनोबरने टाकीत मिश्रण भरून ठेवलं. आधी आर्गॉन, त्यावर निऑन. आणि गाडी चुकेल म्हणून जी पळत सुटली, ती थेट शिरखुर्म्यासमोर येऊन बसली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज आला. "किरण नुसत्या निऑनचेच आले. माझाच अंदाज फसला. दुपारच्या बैठकीत प्रयोग बंद करते. तुझं काम चोख होतं." सनोबरला फार वाईट वाटलं. पण करणार काय?

"सनोबर, टाकी लोळव गो!" बाहेरून हसनने हाक मारली.

तिने टाकी आडवी केली, एक वेढा दिला आणि ती ओरडलीच.

"बाबा, थंयची टाकी लोळवूक इसारलंय मी!"

जड आर्गॉन खालीच राहिला असणार, यंत्रात वरचा निऑन तेवढा गेला. हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. गप्प बसली असती तर नोकरी शाबूत, वर चोख कामाची शाबासकी. हसनने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मगे हंय काय करतंस? फोन लाव."

तिने लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मिश्रणाचा प्रयोग अजून झालाच नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही झाला, मॅडम. चूक माझी आहे."

मॅडम हसायला लागल्या. "अगं, कालपासून मी स्वतःला मूर्ख म्हणतेय! थांब, बैठकीत एक दिवस मागून घेते. तुझं काय करायचं ते नंतर बघू."

ती संध्याकाळ सनोबरने कशी काढली ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आले! आर्गॉनचे किरण आले!" मॅडम ओरडत होत्या. "आणि तू कधी येतेस? टाकी लोळवून माझी कंबर गेली."

सनोबर तिथेच वाळूत बसून रडायला लागली. हसन घाबरून धावला.

"रडतंस कित्याक गो? नोकरी गेली?"

"नाय बाबा. माका परत बोलावल्यानी."

हसनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि भरलेली टाकी तिच्याकडे ढकलली.

"मगे मुंबयक जायसर ही लोळव."