सुकेळ्यांपाशी मी बसले नव्हते

बाळांनो, गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी मोठीने मला एक लेख पाठवला. तिच्या तिकडच्या, परदेशातल्या ऑफिसातल्या चारपाच मैत्रिणींनी ठरवलं आहे की झाडांची पानं लाल व्हायला लागली की महिनाभर संध्याकाळी फोन खणात ठेवायचा, मेणबत्ती लावायची, चहा हळूहळू प्यायचा आणि प्रत्येकीने आपल्या घरातली एक जुनी सावकाश सवय लिहून काढायची. तिने माझी लिहिली. इंग्रजी फार चांगलं आहे. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी लाल पेन लावायला मला त्यात एक जागा सापडली नाही.

तिने लिहिलंय की तिची आजी दर शरदात आपल्या सासूबरोबर आठ आठ दिवस अंगणात बसून केळी वाळवायची. दोघी काही बोलत नसत. नुसत्या बसत आणि एकेक केळं हाताने उलटत.

हे तिला मीच सांगितलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. तुम्ही दोघं लहान होतात, सुट्टीत यायचात, जेवता जेवता गोष्ट मागायचात, तेव्हापासून सांगत आले. दर वेळी त्यात थोडी भर पडत गेली. पण ते खरं नाही. तुमची पणजी, म्हणजे माझी सासू, बसायची. मी बसले नाही. एका वर्षी बसायला हवं होतं, तेव्हासुद्धा नाही. ते नीट लिहून काढते.

मी आज वसईच्या उमेळ्यात ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्या जागी तेव्हा आपली वाडी होती. खाली जिथे गाड्या उभ्या असतात, साधारण तिथे विहीर. वाडीत राजेळी केळीची पंचवीसतीस झाडं होती. राजेळी म्हणजे लांब, जाड, कोनदार केळं. ते पिकवून, सोलून उन्हात वाळवलं की त्याचं सुकेळं होतं: मधाच्या रंगाचं, चिवट, गोड. पाऊस गेला आणि आश्विनातलं ऊन पडायला लागलं की पणजी सुकेळी घालायची. दिवाळीला ती केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून नातेवाइकांकडे जायची. तिच्या सुकेळ्यांना नाव होतं. लोक आधीपासून सांगून ठेवायचे.

अंगणात चार खुंटांवर बांबूच्या कामट्यांचा मांडव असायचा, कमरेएवढा उंच, खालूनही वारा खेळेल असा. त्यावर केळी. शेजारी पाटावर पणजी, डोक्यावर काळी छत्री, हातात कावळे हाकलायची काठी. सकाळी आठपासून ऊन उतरेपर्यंत ती तिथे असायची. जाड केळी कडेला, बारीक मध्ये. दुपारी त्यांच्या जागा बदलायच्या. संध्याकाळी आत आणून केळीच्या पानांत झाकून ठेवायची, म्हणजे आतला ओलावा रात्रीतून बाहेर येतो. सकाळी पुन्हा मांडवावर. असं आठ दिवस, कधी नऊ. मधल्या वेळात ती काही म्हणजे काही करायची नाही.

मला ते बघवायचं नाही. मी शिस्तीची. स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून माझं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं, दूध तापवण्यापासून मुलांच्या पाढ्यांपर्यंत. रिकामा बसलेला माणूस दिसला की मला चैन पडत नसे. एकदा मी तिच्यासमोर मेथीची जुडी नेऊन ठेवली.

"आई, बसल्या बसल्या निदान भाजी तरी निवडा."

"मंग भाजीकडं बघू का केल्याकडं?"

"केळी कुठे पळून जातायत?"

"तू ये, बस जरा हितं. मंग सांग पलतात का नाय." ती हसली. पाट सरकवून तिने जागाही केली.

"मला वेळ नाही आई, शाळेचं आहे," म्हणून मी आत गेले. हे वाक्य मी तिला किती वर्षं म्हणत होते, त्याचा हिशेब नको.

मग ते वर्ष आलं. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता; डाव्याने तिला आधीच जेमतेम दिसायचं. तारीख दिवाळीनंतरची मिळेल असं सगळे धरून चालले होते, म्हणून तिने नेहमीप्रमाणे घड उतरवून गवतात पिकत घातले. आणि अचानक निरोप आला की परवाच या. तेव्हा ते ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. डोळ्यावर पट्टी, पंधरा दिवस ऊन नाही, धूर नाही, वाकायचं नाही. इकडे केळी तर बरोबर पिकली होती. एक दिवससुद्धा थांबली नसती.

दवाखान्यातून आल्यावर तिने मला पलंगाशी बोलावलं.

"बाय, औंदाची तू घाल."

"मला जमेल का, आई?"

"जमंल. तू फक्त बस तितं. बसलीस का बाकीचं समजतं."

माझ्याकडे सहामाही परीक्षेचे पेपर होते, चार वर्गांचे. मी विचार केला आणि माझ्या मते हुशारीचा मार्ग काढला. मांडव नको, त्यापाशी बसावं लागतं. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीला पत्रा होता. दुपारी तो इतका तापायचा की हात ठेववत नसे. त्यावर जुनं धुतलेलं लुगडं पसरून केळी मांडली, वर मच्छरदाणीचा तुकडा टाकून चारी बाजूंनी विटा ठेवल्या. कावळ्यांचा प्रश्न मिटला. वेळापत्रकात लिहिलं: आठ, बारा, चार. तीन वेळा शिडी चढून केळी उलटायची, की झालं. उरलेला वेळ ओटीवर पेपर.

तिसऱ्या दिवशी केळी काळसर, चकचकीत दिसायला लागली. मला तर मोठा विजय वाटला. आठ दिवसांचं काम मी तीन दिवसांत केलं होतं!

पणजी आतून विचारायची, "बसलीस का?"

"बसले होते की."

"घाम आला त्याला?"

सुकेळ्याला घाम येणं म्हणजे त्यातून पाकाचे बारीक थेंब वर येणं. ते दुसऱ्यातिसऱ्या दिवशी दिसतात आणि बघायला तिथेच असावं लागतं. मी म्हटलं, "आला." मी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "एक आन, माझ्या हातात दे."

आता जे लिहिते आहे, ते तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. मी पत्र्यावर गेले. पहिलं हाताला लागलं ते जाड होतं. दाबून पाहिलं तर वरून कडक आणि आत मऊ, अगदी पिकल्या केळ्यासारखं मऊ. मला कळलं. निदान काहीतरी चुकलंय इतकं तरी कळलं. मी ते बाजूला ठेवलं, सगळ्यांत बारीक, करंगळीएवढं वाळलेलं एक शोधून काढलं आणि ते तिच्या हातावर ठेवलं.

तिने ते दोन बोटांत फिरवलं, वाकवलं, नाकाशी नेलं. डोळ्यावर पट्टी होती. "बरं झालंय," ती म्हणाली. "शिकलीस बाय."

मी त्याच संध्याकाळी सगळी सुकेळी पानांत गुंडाळून टाकली. अजून मांडवावर घालता आली असती. चार दिवस हातात होते. पण पेपर सोमवारी द्यायचे होते.

त्यातल्या सहा पुड्या होळीला माझ्या नणंदेच्या सासरी गेल्या. होळी म्हणजे सण नव्हे, वसईजवळचं गाव, तुम्ही लहानपणी तिच्या मळ्यात वांगी तोडायला जायचात ते. त्या दिवाळीत तिच्या धाकट्या नणंदेला पाहायला पाहुणे आले होते. फराळाच्या ताटात तिच्या सासूने मुद्दाम सुकेळी ठेवायला सांगितली आणि पाहुण्यांसमोरच पुडी सोडली. आत पांढरी बुरशी. आंबूस वास खोलीभर.

भाऊबीजेला नणंद माहेरी आली ती तणतणतच. हातात एक पुडी होती.

"आय, हे बघ. नाय, तुला दिसायचं नाय, वास घे. पाव्हन्यांसमोर काय म्हनाली माझी सासू, ठाव हाय? म्हने, विहीनबाईंना आता दिसत नाय वाटतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

पणजीने पुडी घेतली. वास घेतला. बराच वेळ बोट आत घालून चाचपत राहिली.

"आता पुरे कर आय," नणंद म्हणाली. "होत नाय तर करू नको. लोकांत आमची मान खाली."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात करंज्यांची ताटली. आता आई म्हणेल, औंदा सूनबाईने घातली होती. मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "व्हय. माझाच हात चुकला. डोला गेला तसा हात पन गेला."

मी बाहेर आले आणि म्हणाले, "वन्सं, करंजी घ्या ना."

एवढंच. तेव्हा म्हणायला हवं होतं ते त्यानंतर रोज म्हणता आलं असतं. पणजी नंतर नऊ वर्षं होती. पट्टी निघाली, डोळा छान झाला, सुईत दोरा ओवायची. पण पुढच्या आश्विनात तिने मांडव बांधायला सांगितलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी राजेळीची झाडं काढून तिथे दुसरी केळी लावली. दुपारी ती पाटावर तशीच अंगणात बसायची, समोर काही नसताना. तिला काय कळलं होतं, काय नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आणखी एक लिहायला हवं: पहिल्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. अंगणात माश्या नाहीत, चिकट हात नाहीत.

आता मी रोज दुपारी गॅलरीत बसते. फोन आतल्या खोलीत. आश्विनातलं ऊन कठड्यावरून सरकत जातं, ते बघते. पंचाहत्तरी उलटल्यावर मला हे जमायला लागलं आहे. शेजारची खुर्ची रिकामी असते.

तर मोठीचा लेख वाचला आणि मला चार दिवस झोप नीट लागली नाही. तिच्या मैत्रिणींना तो फार आवडला म्हणे, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या दिवशी मी रिक्षा करून होळीला गेले. नणंद माझ्याच वयाची. मळा आता मुलगा बघतो, ती दारात बसून पालकाच्या जुड्या बांधत होती.

"वहिनी! एकटी आलीस? मुलगा कुठाय? ये, बस."

मी बसले आणि सगळं सांगितलं. पत्रा, मच्छरदाणी, ते बारीक सुकेळं. ती जुड्या बांधत होती ती थांबली.

"म्हंजे तू घातलेली ती?"

"हो."

"आयनं नाय?"

"नाही. त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. माझ्यावर रागावेल यासाठी मी तयारी करून गेले होते. ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"मी तिला काय काय बोलले त्या दिवशी," ती म्हणाली. "तू होतीस ना? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"दिसत नाय तुला म्हनाले. पट्टी होती तिच्या डोल्यावर, आनि मी म्हनाले. आनि तू करंज्या घेऊन आलीस."

मला वाटत होतं की हे माझं आणि पणजीचं आहे. इतकी वर्षं मी त्यात तिसरं माणूस धरलंच नव्हतं. माझ्या गप्प बसण्याने एका लेकीच्या तोंडून ते शब्द निघाले होते, आणि ती ते खरे समजून जगली होती. आता मी येऊन तिचा तेवढा आधारही काढून घेतला.

"वन्सं, मला माफ—"

"थांब जरा." तिने पालकाची जुडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "केळी कशी होती?"

"म्हणजे?"

"केळी. तू पत्र्यावर घातलीस तेव्हा. बरोबर पिकलेली का कच्ची?"

"उत्तम होती. एकही डागाळलेलं नव्हतं. पट्टी बांधायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः एकेक दाबून पाहिलं होतं."

"मंग तिचा हात चुकला नव्हता."

"नाही."

"हे आधी सांगायचं," ती म्हणाली. "आल्या आल्या हे सांगायचं. पत्रा नि पेपर नि तुझं वेलापत्रक ते मंग." आणि तिने सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. स्वतः मात्र तो घेतला नाही. मी निघाले तेव्हा ती नेहमीसारखी रस्त्यापर्यंत आली नाही.

मोठीने तिच्या मैत्रिणींना यातलं काय सांगायचं ते तिने ठरवावं. लेख बदलायचा असेल तर आधी त्यात हे घालावं: त्या वर्षीची केळी तुमच्या पणजीने निवडली होती, तिनेच पिकवली होती, आणि ती अगदी बरोबर होती. मीसुद्धा हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. वन्संनी सांगूनही मी सुरुवात पुन्हा माझ्यापासूनच केली.