वरच्या मजल्यावरचा क्वार्टरबॅक

अख्ख्या अमिरातीत मला घासाघिशीत हरवणारा माणूस एकच निघाला, आणि त्याला घासाघीस येतच नव्हती. अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा तो उंचापुरा अमेरिकन. हेल्मेट घालून खेळायच्या तिकडच्या फुटबॉलमध्ये तो क्वार्टरबॅक होता. म्हणजे समोरचे अंगावर धावून येत असताना चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा गडी. "हबीबी, तीन सेकंदांत ठरवलं नाही तर हाडं मोडतात," असं तो सांगे. रोल्ला बाजारातल्या माझ्या बॅगांच्या दुकानात आला की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायचा, आणि माझं "बेस्ट प्राइस" बोलून होण्याआधीच शेजारच्या दुकानात! मग "यल्ला, चल, सत्तर दिरहम!" ओरडत मीच त्याच्यामागे धावायचो. हातात आलेली वस्तू तर त्याला ठेवतच येत नसे. दिवाळीत बायकोने लाडू दिला, तो याने गरकन फिरवत हॉलच्या टोकाला बसलेल्या माझ्या मेव्हण्याच्या ओंजळीत टाकला. "दाजी, लाडू फुटला नाही हो!" मेव्हणा म्हणाला, आणि बायको दोन दिवस भावाशी बोलली नाही.

एवढा नेम, पण कारकीर्द सगळी बाकावर गेली. संघ बदलत राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी हा दुसऱ्याचा बदली. इथे शाळेत खेळ शिकवायचा, पण फोन कधी खिशात नाही, कायम हातात. तिकडे कुणी जखमी झालं तर बोलावणं येईल म्हणून. आमच्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या हौशी संघाचा कप्तान म्हणून मी त्याला उभा केला, सगळ्यांचे कपडे शिवून घेतले, आणि फायनलच्या सकाळी हा पठ्ठ्या विमानात. निरोपसुद्धा नाही! आम्ही सपाटून हरलो. तो राग मी अजून गिळलेला नाही.

पुढे एका सकाळी माझ्या मुलीने टीव्हीवर त्याची मॅच लावली. बाकाजवळ तो येरझाऱ्या घालत होता. अगदी शेवटी मुख्य गडी लंगडत बाहेर आला आणि याला आत पाठवलं. मी ताडकन उठलो. "फेक रे, फेक!" याने चेंडू घेतला आणि हळूच गुडघा टेकला. पुन्हा घेतला, पुन्हा टेकला.

"घाबरला की काय हा?"

"नो, बाबा. दे आर विनिंग. ही जस्ट हॅज टू फिनिश द टाइम."

वेळ संपली. मिठ्या सुरू झाल्या. पंचाने चेंडू मागितला, तर हा देईना. पोटाशी धरून मैदानाच्या मधोमध उभा राहिला, आणि त्याला सुनावायला जपून ठेवलेलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही.