हळदीच्या मांडवात वावरांची नावं

वाचनालयाचे सचिव गजाननकाका यांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. सातवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्यानेच घरी शिकवलं. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की अजून हात गार पडतात. पण काका म्हणाले, "बाई, मागच्या साली मानसाईपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. यंदाबी तसंच झालं तं व्याख्यानमाला बंद." मग जावंच लागलं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता: वावरांची, म्हणजे शेतांची, नावं.

अमरावतीहून अकोल्याची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, रस्ताही चांगला. अकोल्यात कचोरी जरूर खा. घसा बसेल म्हणून मी अर्धीच खाल्ली. तिथून बार्शीटाकळीच्या बाजूला काळीपिवळी जीप जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहू का हे विचारायचं राहिलं.

पोचले तर गावात डीजे! तेजू नावाच्या मुलीची हळद होती आणि नवऱ्याकडचे लोक लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच आले होते. वाचनालयात काका, मी आणि दोन आजोबा. काका रिकाम्या सतरंजीच्या सुरकुत्या काढत बसले. तेवढ्यात तेजूचे वडील वसंतराव आवतण द्यायला आले.

"काका, जेवाले चाला."

"व्याख्यान हाय ना गा."

"कोनाले देऊन राहिले, भिंतीले? आना या पोरीले मांडवात. सैपाकाले येळ हाय."

डीजे बंद झाला. मी बोलायला उभी राहिले. जे नक्की माहीत नव्हतं, ते माहीत नाही असंच सांगितलं. इथल्याच एका वावराला 'हत्तीबुडी' हे नाव का पडलं, ते त्यातलंच एक.

"हत्ती रुतंन इतकी खोल माती हाय तिथं!" मागून कोणी ओरडलं.

"कायचा हत्ती! म्हैस होती, हत्ती नावाची!"

वाद पेटला. त्यात हळदीने माखलेल्या तेजूने होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, आपल्या वावराचं नाव काय?"

ते गट नंबर सांगू लागले. "नंबर नाही, नाव," तेजू म्हणाली.

मामाजींनी मुलाकडे पाहिलं, मुलाने चपलांकडे.

"बिननावाच्या वावरात पोरगी देऊन राहिलो का मी?" वसंतराव म्हणाले. मांडव हसून लोटपोट. मामाजींनी तिथूनच घरी आपल्या म्हाताऱ्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आज कावून आठवन झाली रे? चोळीचं वावर म्हनतेत त्याले. माह्या सासूले तिच्या भावानं माहेरचा आहेर म्हून चोळीत देल्लं होतं."

तेजूने ते नाव हळूच एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

पंगतीत वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, आणि हत्ती की म्हैस हे भांडण शेवटपर्यंत. अशा कार्यक्रमांनी काय होतं, असं मला नेहमी विचारतात. आता मी सांगते: एक मुलगी सासरच्या वावरात पहिल्यांदा पाय ठेवेल, तेव्हा तिला ते कोणाचं होतं हे ठाऊक असेल.

अमरावतीत, राजापेठेतल्या घरी परतल्यावर काकांचा फोन आला. व्याख्यानमाला चालू राहणार. दोन घरांनी तर पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच विचारली आहे.

"त्या दिवशी लग्न नको म्हणून?"

"नाही वं, त्याच दिवशी काढाचं म्हनतेत. डीजेपक्षा भांडन चांगलं रंगते."

हात पुन्हा गार पडले. तारीख मात्र मी लगेच सांगून टाकली.