बिननावाच्या गाण्यांचे स्टोअरकीपर

पेनड्राइव्ह हातात आला की काका आधी त्यावर फुंकर मारायचे. मग कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि ठरलेला प्रश्न: "नाव काय त्याचं?" पेनड्राइव्ह आणणारा बिचारा स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव सगळं सांगून मोकळा व्हायचा. काका गाण्याचं विचारत असायचे.

खालापूरला कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानातल्या बाकावर काका रोज सकाळी येऊन बसत. खोपोलीकडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून झाली होती. "लेबल नाय तो माल भंगार," हे ते इतक्या ठामपणे म्हणत की वाद घालायची सोय नव्हती. त्यांच्या घरी मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी होती आणि साखरेच्या बरणीवर 'साखर, मीठ नव्हे' अशी.

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्यांना जुना लॅपटॉप दिला आणि व्हिडिओ कॉलवरून स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. संगणकाला कामाची पद्धत एकदा लिहून द्यायची, की तो तेच काम शेकडो फायलींवर मुकाट्याने करतो, एवढंच ते. पण काकांना जणू हाताखाली न कुरकुरणारा मदतनीस मिळाला. टेंपोवाल्यांचे पेनड्राइव्ह तुम्हीही पाहिले असतील. गाण्याच्या नावात वेबसाइटचा पत्ता, मध्ये रेघा, शेवटी कसले तरी आकडे. "ताई, हे गाणं हाय का गाडीचा चासी नंबर?" असं म्हणत काका स्क्रिप्ट चालवत. कचरा निघून जाई. गाण्याच्या फायलीच्या पोटात गायकाचं, गीतकाराचं नाव लिहायची जागा असते, तीही ते भरत. चौक गावच्या धाब्यांपासून इकडच्या देवळांपर्यंत सगळ्यांच्या गाण्यांना त्यांनी असं न्हाऊमाखू घातलं होतं. चहाखेरीज कुणाकडून काही घेतलं नाही. कौतुक मात्र भरपूर घेत, आणि कमी पडलं तर स्वतःच करत.

एका गोष्टीने ते मनापासून दुखावत. नाव नसलं की पडद्यावर 'अननोन आर्टिस्ट' असं येतं ना, त्याने.

कारण होतं त्यांची वहिनी. काकांची आई ते लहान असतानाच गेली. थोरल्या भावाची नवी नवरी घरात आली, तिनेच यांना न्हाऊ घातलं, भरवलं, शाळेत पाठवलं. ही वहिनी त्यांच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, गाणारी. आमच्याकडे लग्नात भटजी असले तरी धवलारणीशिवाय पान हलत नाही. मांडवाला, हळदीला, पाठवणीला, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो त्या-त्या वेळीच गायचा. काकांनी तरुणपणी टेपरेकॉर्डरवर तिचे धवले भरून ठेवले होते. मुलाने ते लॅपटॉपवर घेतले, आणि पडद्यावर आलं: अननोन आर्टिस्ट.

"माजी वयनी अननोन?" काका मला म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता, बसला होता. "आख्खा चौक तिला वलखतो."

वहिनीला आता दम पुरत नव्हता. तिने गाणं सोडलं होतं. पण तिच्या नातीचं लग्न ठरलं, आणि हळदीला डीजेबरोबर मोठा एलईडी पडदा येणार असं कळलं. काकांनी डीजेवाल्या पोरांशी भांडून ठरवून घेतलं की आधी वहिनीचे धवले वाजतील आणि पडद्यावर तिचं नाव येईल. भरल्या मांडवात, ती समोर बसलेली असताना. त्यांना आयुष्यात आता एवढंच करायचं होतं, असं त्यांनी मला दहादा तरी सांगितलं.

माझ्याच दुकानात बसून त्यांनी शेवटचा हात फिरवला. प्रत्येक फायलीच्या नावाआधी मुलाने घातलेला एक आकडा होता. "गाण्याला नंबर कशाला? ते काय दवाखान्यात बसलंय?" काका म्हणाले आणि स्क्रिप्टने सगळे आकडे उडवले.

हळदीला मीही गेले होते. पडद्यावर झगझगीत अक्षरं आली: गायिका लक्ष्मीबाई. टाळ्या पडल्या. काका नवरदेवासारखे ताठ उभे. आणि स्पीकरमधून सुरू झाला पाठवणीचा धवला.

विधींचा क्रम सांगणारे आकडे गेल्यावर लॅपटॉपने गाणी बाराखडीप्रमाणे लावली होती. पाठवणी प वरची, म्हणून पहिली. हळद ह वरची, म्हणून सगळ्यात शेवटी. नवरीच्या आईने डोळ्याला पदर लावला. तिचं पाहून मावशी, आत्या, शेजारणी. नवरी हळदीची वाटी समोर ठेवून हुंदके देत होती आणि तिचा बाप बावचळून विचारत होता, "आरं, पन ती अजून हितंच हाय ना?"

वहिनी खुर्चीतून उठली. "बंद कर त्ये. हलद लागाच्या आदी पोर धाडतंस व्हय रं?" काकांनी घाईने लॅपटॉपच मिटला. पडदा काळा झाला. म्हातारीने नातीच्या पाठीवर हात ठेवला, एकदा खाकरली आणि स्वतःच गायला लागली. आवाज फाटलेला होता, दर ओळीला दम लागत होता. पण बायका मागून झेलत गेल्या, आणि हळद लागली. काका पडेल चेहऱ्याने, पण मोबाइल पुढे धरून उभे होते. त्यांनी रेकॉर्डिंग आधीच सुरू केलं होतं.

पुढच्या आठवड्यात काका आणि वहिनी दुकानात आले. वहिनीला वाचता येत नाही. तिने पडद्याकडे बोट केलं. "परवा लोकांनी टाल्या वाजवल्या, त्ये काय लिवलं व्हतं?"

"तुजं नाव. लक्ष्मीबाई."

"त्ये सासऱ्यांनी ठेवलेलं. धवलं मी आयेकडं शिकले, तवा मी चांगुना व्हते. शिकली चांगुना, नि नाव लक्षुमीचं?"

जन्मभर लेबलं लावणाऱ्या माणसाने चष्मा काढला. "मला कंदी सांगितलं नायस गं," ते म्हणाले.

"तू कंदी इचारलंस?"

काकांनी चष्मा पुसला, स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलला आणि ती पुन्हा चालवली. चांगुणा, चांगुणा, चांगुणा, अशा ओळी पडद्यावरून सरकत गेल्या. ते प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते. त्या नावाने तिला हाक मारणारं तिच्या माहेरीही आता कुणी उरलं नव्हतं. म्हातारी हसत होती आणि रडतही होती. मग काकांनी आकडेही परत घातले, माझ्याकडे न बघता.

मागच्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. बाक तिथेच आहे. लोक अजून पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि काकांची स्क्रिप्ट मी चालवते. फुंकर मारायची सवय मलाही लागली आहे. मला त्यांची फार आठवण येते.

दिवाळीआधी वहिनी नातीला घेऊन आली. हळदीचा तो धवला ऐकायचा म्हणाली. काकांनी तो माझ्या संगणकावर ठेवला होता, मी लावला. सुरुवातीला मांडवातली कुजबुज, मग अगदी जवळून काकांचा आवाज: "वयनी, नाव काय त्याचं?" आणि तिचं उत्तर: "गप ऱ्हा. हलदीचा हाय." मग गाणं.

गाणं संपेपर्यंत ती डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "कुनाकुनाचं नाव हाय त्येच्यात? वाच."

"चांगुणा," मी वाचलं.

"आनि त्याचं? पयला तर त्योच बोलतो."

मी फाइल उघडली आणि तिच्या नावाशेजारी काकांचं नाव लिहिलं. मग दोन्ही नावं तिला मोठ्याने वाचून दाखवली.

"आता बराबर," ती म्हणाली. "लाव परत."