गोधडी सुकी राहिली तेव्हा

तीन बोटं वर करून तो गरजायचा, "तीन घोट! चवथा मागंल तो दर्यात!"

होडीवरच्या गोड्या पाण्याच्या पिंपावर तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचाच हुकूम चालतो, आणि दांडी गावचा हा तांडेल म्हणजे हुकमांचा बादशहा. त्याने किनाऱ्यावरून हाक मारली की शिरगावच्या किल्ल्यावरची कबुतरं उडत. तुम्ही हसाल; पण मी निम्मं करूनच सांगतोय.

मी तेव्हा तारापूरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. अणुवीज केंद्राच्या पायासाठी सुरुंग उडायचे, ते दिवस. सुरुंगालाही न दचकणारा हा माणूस एका सकाळी जाळं ओढता ओढता कोसळला. लकवा. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली आणि लघवीवरचा ताबा सुटला. कळ आली की कुणी भांडं आणायच्या आत गोधडी ओली. बायको कधीच गेलेली, मुलगा समुद्रावर. धुवायला एकटी सून.

पंधरा दिवसांनी गेलो तर सून दारातच म्हणाली, "कंपाउंडर, बाबा बरे झाले! दोन दिस गोधडी सुकी हाय."

मीही खुळ्यासारखा हसलो. मग जवळ गेलो. अंग तव्यासारखं तापलेलं. जीभ सुक्या बोंबलासारखी. भांड्यात दोन दिवसांची मिळून घोटभर लघवी, तीही कोऱ्या चहाच्या रंगाची. मी तांब्या पुढे केला, तर म्हाताऱ्याने डावा हात उचलला. तीन बोटं. दिवसाचे तीन घोट पिऊन झाले होते!

डॉक्टर आले, सुई टोचली, मला बाहेर नेऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत प्याला नाही, तर गाडीने पालघरला हलवा. पोचेल असं मात्र वाटत नाही."

मी विनवलं, रागावलो, खोटंही बोललो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा बोईसरपर्यंत कोणी नव्हता. तरी दात उघडेनात. ऊन कललं. अंगणात बैल जुंपले. म्हातारा बरळू लागला.

सून उठली, पदर कमरेला खोचला. "बाबा, सुकाणू धरता का? उचला बघू उजवा हात."

हात हलला नाही.

"नाय ना? मंग या होडीची तांडेल मी. पिंपावर हुकूम माजा. प्या!"

मी डोळेच मिटले. सासऱ्याशी असं बोलणारी सून मी पाहिली नव्हती. उघडले तेव्हा तो तिच्याकडे एकटक बघत होता, वादळाकडे बघावं तसा. मग जबडा सैल पडला. एक घोट. तीन. चवथा.

दिवेलागणीला गोधडी भिजली. म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "लाज..." एवढंच त्या जड जिभेतून आलं.

"कोनाची? माजी?" सून म्हणाली. "होडीत पानी शिरलं तर आमी उपसतो. होडी जाळत नाय."

दुसऱ्या दिवशी तिने ती गोधडी बोंबील वाळवायच्या काठ्यांवर टाकली, साऱ्या गावासमोर. पुढे वर्षभर मी सायकलवरून लांबूनच बघायचो. गोधडी वाळतेय, म्हणजे म्हातारा पितोय. घंटी वाजवायची आणि पुढे जायचं.

एका सकाळी काठ्यांवर नुसते बोंबील होते. मी उतरलो आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेलो.