माहेरच्या नावाची साक्ष

नशिराबादच्या यशोदाबाई जळगावच्या न्यायालयाबाहेर नोटरीच्या टेबलासमोर तिसऱ्यांदा येऊन बसल्या, तेव्हा उन्हाने आणि खेपांनी त्यांचा देह पार शिणला होता.

लेक दिपमाला जर्मनीत. आषाढात तिचे बाळंतपण. जावयाला आई नव्हती. लेकीच्या उशाशी बसायला या माउलीवाचून दुसरे कोणी नव्हते. तिकडच्या कचेरीने मात्र मायलेकीच्या नात्याचा प्रमाणित पुरावा मागितला, आणि घोडे अडले ते तिथेच.

रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. दिपमालाही भडगावजवळ गिरणाकाठी, आजोळीच जन्मली. आजोबांनी हौसेने स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली. बाळाच्या आईचे नाव विचारताच त्यांच्या मुखातून सहज ‘इंदिरा’ आले. सासरच्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर ‘यशोदा’ हे नाव रेखून दोन वर्षे झाली होती. पण बापाच्या जिभेला ते वळण कधी पडलेच नाही. त्या वत्सल विस्मरणाचा भार आता, आजोबा निवर्तल्यावर, यशोदाबाईंच्या माथी आला होता.

नोटरीचे काम करणारे वकील धनसिंग सौम्य वृत्तीचे गृहस्थ. नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

“अक्का, दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र मी करून देतो. पण शाळेचा दाखला नाही, लग्नाची पत्रिका नाही. माहेरचा माणूस तरी हवा. मी कशावर शिक्का मारू?”

म्हणून आज धाकटा भाऊ लोटन भडगावहून एसटीने आला होता. टोपीने घाम पुसत तो स्टुलावर टेकला.

“बहिणीचं माहेरचं नाव सांगा,” वकील म्हणाले.

लोटन गडबडला. “अक्का.”

“अहो, ते तर मीही म्हणतो!”

“साहेब, मोठी बहीण शे. नाव लेवानी हिंमत कोनामा शे?”

यशोदाबाई उसळल्या. “तुले कडेवर लिसन हिंडनू मी, आन मनं नाव तुना ध्यानमा नही?”

“ध्यानमा शे व! पन तोंडमा येत नही.”

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वडील कशी हाक मारायचे? तशीच मारा.”

लोटनने टोपी डोक्यावर नीट बसवली. मग दूरच्या शेतातून साद घालावी तशी, बापाच्याच खर्जात, त्याने आरोळी दिली, “इंदेऽऽ!”

“ओ आबा!” म्हणत यशोदाबाई अर्ध्या उठल्यासुद्धा. शेजारच्या टेबलांवरची टंकयंत्रे थांबली. भानावर येताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

वकिलांनी लोटनचे आधार कार्ड पाहून त्याचे नाव साक्षीदार म्हणून लिहिले, रजिस्टरात दोघांच्या सह्या घेतल्या आणि प्रतिज्ञापत्रावर शिक्का उमटवला.

“आता हा कागद मुंबईला जाईल. तिथली सरकारी मोहोर उमटली, की परदेशात चालेल.”

“आनखी मुंबई?” यशोदाबाईंनी विचारले.

“तुम्हाला जायचं नाही, अक्का. कागद मी पाठवतो. तुम्ही लेकीकडे जायची तयारी करा.”

“चाल अक्का, च्या पिऊत,” लोटन उठत म्हणाला.

“जरासा बसू दे भाऊ. पाय उचलतस नहीत.”

पुढचा पक्षकार खुर्चीसाठी खोळंबला होता. वकिलांनी त्याला हातानेच थांबायला सांगितले.